हुशारी एकटी पुरत नाही
'हुशार मूल कुठेही चमकतंच' हे मत मला अजिबात पटत नाही. पिसा ही पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी; २०१५ला तिचा मुख्य भर विज्ञानावर होता. त्यात श्रीमंत देशांतसुद्धा गरीब घरातली मुलं किमान पातळीच्या खाली राहण्याची शक्यता सुखवस्तू मुलांच्या जवळपास तिप्पट निघाली.

आपल्याकडे बीडची ऊसतोड कुटुंबं बघा. दिवाळीच्या सुमारास कारखान्याच्या वाटेला लागतात ती मार्च-एप्रिलला परततात. आठवीतलं 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' बुडालं, की दहावीत 'विद्युतधारेचे परिणाम' डोक्यावरून जाणारच. विचारायचं कोणाला? आईबाप पहाटेपासून फडात. शिकवणीला जाणाऱ्या मुलाला तोच धडा दोनदा ऐकायला मिळतो. अशी मुलं गावातच राहावीत म्हणून चालणाऱ्या हंगामी वसतिगृहांत जेवणाखाण्याची सोय होते. पण संध्याकाळी शेजारी बसून विज्ञान समजावणारं माणूसही तिथे हवं.