सवलतीत मिळणारा जुना एम२ मॅक मिनी घ्यावा का?

कानामात्रा (सांगली)

नमस्कार. मी घरी बसून मुद्रितशोधन, भाषांतर आणि लहान पुस्तकांची मांडणी अशी कामे करतो. सध्या माझ्याकडे २०१५ साली घेतलेला, पाचव्या पिढीच्या आय३ प्रोसेसरचा आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे हे यंत्र आता बदलावे लागणार हे उघड आहे.

ओळखीच्या एका दुकानदाराकडे ॲपलच्या एम२ प्रोसेसरचा मॅक मिनी, म्हणजे मॉनिटरशिवाय येणारा छोटा डेस्कटॉप, शिल्लक आहे. ८ जीबी मेमरी, २५६ जीबी स्टोअरेज, खोके न उघडलेले. जानेवारी २०२३मध्ये तो भारतात ५९,९०० रुपयांना आला होता. दुकानदार ४१,५०० रुपयांत द्यायला तयार आहे. म्हणजे सुमारे ३१ टक्के सूट झाली. माझी तयारी ५० हजारांपर्यंत आहे, फारच गरज पडली तर ५५. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस घरात आहेत.

रोजचे काम वर्ड, ब्राउझर आणि पीडीएफ यांत चालते. वर्षातून तीन-चार पुस्तकांची मांडणी इनडिझाइनमध्ये करतो आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने ते काम फार वाढते. शिवाय श्रीलिपी या मराठी टंकलेखनाच्या विंडोज सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फायली आहेत. ते सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. मुलगी पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीत तीही हा संगणक वापरेल. इतक्या सवलतीत मिळणारे हे यंत्र घेण्यासारखे आहे का, याबद्दल जाणकारांनी मत द्यावे.

खिळेजुळारी

कानामात्रा, तुम्ही सूट मोजली आहे ती २०२३च्या किमतीवरून. ती किंमत आज कोणीच देणार नाही, त्यामुळे त्या ३१ टक्क्यांना फारसा अर्थ राहत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये ॲपलने एम४ मॅक मिनी जाहीर केला. त्याचीही प्रारंभिक किंमत ५९,९०० रुपयेच ठेवली, पण त्यात ८ऐवजी १६ जीबी मेमरी दिली. एम२च्या काळात हीच १६ जीबी मेमरी हवी असती तर वर २०,००० रुपये मोजावे लागत होते. तेव्हा तुलना करायची ती या नव्या यंत्राशी, आणि तशी केली की दुकानदाराची सवलत बरीच किरकोळ दिसू लागते.

मेमरीवर मी इतका भर देतो, कारण या यंत्रात नंतर भागवता न येणारी गोष्ट तीच आहे. मॅक मिनीची मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजात बसवलेली असते. ती काढता येत नाही आणि वाढवताही येत नाही. तीच मेमरी ग्राफिक्ससाठीही वापरली जाते. स्टोअरेज कमी पडले तर बाहेरची एसएसडी थंडरबोल्टच्या किंवा यूएसबीच्या पोर्टला लावून भागते, पुस्तकांच्या जुन्या फायली तिच्यावर ठेवता येतात. मेमरीला अशी पळवाट नाही. मेमरी भरली की मॅक तिच्यातला काही भाग एसएसडीवर उतरवतो आणि गरज लागली की परत आणतो. एसएसडी वेगवान असेल तर हे जाणवत नाही, पण एम२च्या २५६ जीबी आवृत्तीत साठवणीची एकच चिप आहे. आधीच्या एम१ मिनीत दोन होत्या, त्यामुळे वाचनाचा वेग त्या जुन्या यंत्राच्या जवळपास निम्म्यावर आला होता. थोडक्यात, मेमरी जिथे कमी आहे तिथेच एसएसडीही मंद आहे, आणि हे दोन्ही दोष नेमके एकाच वेळी, म्हणजे दिवाळी अंकाची दोनशे पाने उघडी असताना आणि बाजूला ब्राउझरमध्ये पंचवीस टॅब असताना, समोर येतात. एम४च्या २५६ जीबी आवृत्तीत पुन्हा दोन चिपा आहेत.

मुलगी महाविद्यालयात आहे, हे तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण या प्रश्नात ते फार महत्त्वाचे आहे. ॲपलची शैक्षणिक सवलत विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या पालकांनाही मिळते. एम४ मिनी बाजारात आला तेव्हा या सवलतीत त्याची किंमत ४९,९०० रुपये होती. आजचा आकडा त्यांच्या शैक्षणिक दुकानाच्या पानावर पाहून घ्या. तो याच्या आसपास असेल, तर दुकानदाराच्या ४१,५००च्या आणि त्याच्या मधले अंतर आठ-साडेआठ हजारांचे उरते, आणि एवढ्या पैशांत दुप्पट मेमरी, दोन पिढ्या पुढचा प्रोसेसर आणि जास्त वर्षांचे आयुष्य मिळते. मी एम२ घेणार नाही. दुकानदार ३० हजारांवर आला तर पुन्हा विचार करीन, पण तो येणार नाही.

बाराबंदी

खिळेजुळारी यांचे गणित बरोबर असले तरी ८ जीबीची त्यांनी जरा जास्तच भीती घातली आहे. मी चार वर्षे ८ जीबीचा एम१ मिनी वापरते. काम भाषांतराचे: एका बाजूला पीडीएफ, दुसऱ्या बाजूला वर्ड, शब्दकोशांची दहा-बारा पाने ब्राउझरमध्ये आणि पार्श्वभूमीला संगीत. यंत्र अडखळल्याचे मला आठवत नाही. इनडिझाइनमध्येही शंभर-सव्वाशे पानांचे, फक्त मजकुराचे पुस्तक आरामात होते. चित्रांनी भरलेला अंक असेल तर मात्र पंखा ऐकू येतो आणि पान उलटताना थांबावे लागते.

खोकेबंद जुन्या मालाची आणखी एक बाजू सांगते. लॅपटॉप दोन वर्षे खोक्यात पडून राहिला तर बॅटरी खराब होते. मिनीत बॅटरीच नाही, त्यामुळे पडून राहिल्याने त्याचे फार बिघडत नाही. वॉरंटी खरेदीच्या तारखेपासून सुरू व्हायला हवी, पण ते गृहीत धरू नका: खोक्यावरचा अनुक्रमांक ॲपलच्या वॉरंटीच्या पानावर टाकून पाहा. तिथे वॉरंटी आधीच सुरू झालेली दिसली तर ते यंत्र दुकानात दाखवायला लावलेले किंवा कोणीतरी परत केलेले असू शकते. मी स्वतः एकदा अशीच ‘नवीकोरी’ वस्तू घेऊन आले होते आणि सुरू केल्यावर तिच्यात दुसऱ्याच माणसाचे नाव निघाले.

सुट्या भागांबद्दल म्हणाल तर ॲपल एखाद्या यंत्राची विक्री थांबवल्यापासून किमान ५ वर्षे त्याची दुरुस्ती करते. एम२ मिनीची विक्री ऑक्टोबर २०२४मध्ये थांबली, म्हणजे २०२९पर्यंत काळजी नाही. तुम्ही निव्वळ मुद्रितशोधन करत असता तर मी घ्या म्हटले असते. मांडणीचे काम वाढणार असेल तर खिळेजुळारी यांचे ऐका.

तासगावकर

दोघांनीही डोंगल सोडून दिले आहे आणि माझ्या मते या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. एम२ असो की एम४, या प्रोसेसरांवर नेहमीचे इंटेलसाठीचे विंडोज चालत नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये विंडोज ११ची आर्म आवृत्ती (ॲपलच्या या प्रोसेसरांच्या जातीसाठीची) चालवता येते आणि मायक्रोसॉफ्टचीही त्याला मान्यता आहे. इंटेलसाठी लिहिलेले बरेचसे कार्यक्रम त्यात अनुकरणाने चालतातही. मात्र डोंगलसारख्या उपकरणाला लागणारा ड्रायव्हर, म्हणजे ते विंडोजला जोडून देणारा कार्यक्रम, आर्मसाठीच लिहिलेला असावा लागतो, तिथे अनुकरण चालत नाही. तुमच्या डोंगलचा असा ड्रायव्हर मिळतो का, हे विक्रेत्याला लेखी विचारून घ्या. तोंडी ‘चालेल हो’वर विसंबू नका. आणि ८ जीबीच्या मॅकवर विंडोजसाठी ४ जीबी बाजूला काढले तर उरलेल्या चारांत मॅकने काय करावे?

तुमचे मुख्य काम श्रीलिपीत असेल तर मॅकचा विचारच नको. मग कंपन्यांनी वापरून काढलेल्या छोट्या डेस्कटॉपांकडे पाहा: लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा एचपीचा एलिटडेस्क मिनी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे संगणक मिळतात, ओळख असेल तर आपल्याकडेही कोणी आणून देतो. आठव्या पिढीच्या खालचा घेऊ नका. आय५-८५००टीसारखा सहा गाभ्यांचा, ३५ वॅटचा प्रोसेसर तुमच्या कामाला भरपूर आहे, आणि या यंत्रांत रॅमच्या दोन खाचा असतात, पट्टी काढून दुसरी बसवता येते. अर्थात २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके चढले आहेत की ‘आधी ८ घेऊ, नंतर वाढवू’ हा हिशेब आता बसत नाही. १६ जीबी असलेलेच मागा. घेताना बायोसला (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, अडॅप्टर मूळ कंपनीचाच आहे ना आणि एसएसडीचे आरोग्य किती टक्के उरले आहे, या तीन गोष्टी दुकानातच तपासा.

एन१०० प्रोसेसरचे नवे स्वस्त मिनी पीसी सगळीकडे दिसतात. चार गाभे, एकच मेमरी चॅनेल. बिलिंगला आणि शाळेच्या कामाला ठीक आहेत, इनडिझाइनला नाहीत.

अनुस्वार

मी अक्षररचनेचे काम करते, म्हणून एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधते. कानामात्रा, तुमचा चोवीस इंची फुल एचडी मॉनिटर विंडोजवर जसा दिसतो तसा मॅकवर दिसणार नाही. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करण्याची एक जुनी पद्धत, ज्यात पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा हे भाग स्वतंत्रपणे वापरले जात, ती ॲपलने मॅकच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून बंद केली. ॲपलच्या दाट पडद्यांवर तिची उणीव भासत नाही, पण कमी घनतेच्या मॉनिटरवर अक्षर थोडे जाड आणि पुसट दिसते. इंग्रजी वाचणाऱ्याला ते चालून जाते. आपल्याकडे रफार आणि वेलांटी एकमेकांना चिकटतात, अनुस्वार मात्रेच्या कुशीत लपतो, ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतला फरक डोळे ताणून शोधावा लागतो. दिवसातले आठ तास मुद्रितशोधन करणाऱ्याच्या दृष्टीने ही लहान बाब नाही.

तुमच्या शहरात कोणाकडे मिनी असेल तर तुमचा मॉनिटर गाडीत घालून घेऊन जा आणि स्वतःच्याच एखाद्या पुस्तकाचे पान त्यावर वाचून पाहा. त्रास झाला तर २७ इंची ४के मॉनिटरचा खर्च हिशेबात धरावा लागेल, आणि मग तुमची ५५ हजारांची मर्यादा कुठल्या कुठे जाईल. इनडिझाइनबद्दल एक गोष्ट: देवनागरीसाठी परिच्छेदाच्या मांडणीत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडायला विसरू नका, नाहीतर जोडाक्षरे फुटतील आणि दोष मात्र नव्या संगणकाला दिला जाईल.

कानामात्रा (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. तासगावकर यांचे वाचून मी गेल्या दोन वर्षांत श्रीलिपीच्या किती फायली उघडल्या ते शोधले, तर त्या फक्त अकरा निघाल्या आणि त्यांतल्या नऊ एकाच प्रकाशकाच्या. तेव्हा जुना लॅपटॉप इंटरनेटला न जोडता, केवळ डोंगलपुरता ठेवून देतो. काल एका मित्राकडे मॉनिटर नेऊन पाहिला. अनुस्वार म्हणतात तसे अक्षर जाड दिसते, पण पान १२५ टक्क्यांवर ठेवले की मला वाचता येते, निदान या वर्षी मॉनिटर बदलावा लागणार नाही. मुलीच्या ओळखपत्रावर एम४ घ्यायचे ठरवतो आहे. दुकानदाराला नकार कळवला. तो ३९ हजारांपर्यंत खाली आला, खिळेजुळारी यांचा अंदाज खरा ठरला.

एक शंका उरली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज सारखी जाते आणि लॅपटॉपची सवय असल्याने मी आजवर यूपीएस घेतलेला नाही. किती क्षमतेचा घ्यावा?

तासगावकर

सहाशे व्हीएचा साधा यूपीएस पुरे. एम४ मिनी रिकामा असताना सुमारे ४ वॅट आणि पूर्ण ताणावर ६५ वॅट वीज घेतो. तुमच्या मॉनिटरचे पंचवीस-तीस वॅट धरले तरी भार शंभराच्या आत राहतो. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या. प्रिंटर, विशेषतः लेसर असेल तर, चुकूनही त्याला जोडू नका. आणखी एक: या मिनीला मोठ्या यूएसबीचे एकही पोर्ट नाही, सगळी टाइप-सी आहेत, तेव्हा कीबोर्ड आणि माउससाठी दोन छोटे कनेक्टर किंवा एक हब आधीच मागवून ठेवा. सुरू करण्याचे बटण यंत्राच्या खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात आहे. बोट सहज पोहोचेल अशा जागी यंत्र ठेवा, कारण वीज गेल्यावर यूपीएसही संपला तर ते बटण तुम्हाला शोधावे लागणारच आहे.