मदत हवी आहे: मीममुळे मन दुसरीकडे वळतं की ताणाकडे बघण्याची नजर बदलते, हे वेगळं कसं मोजायचं?

ताणात मीम बघून भावना कशा सावरतात, यावर छोटा प्रयोग आखतेय. माणूस भावना कशा हाताळतो हे विचारणारी, ग्रॉस आणि जॉन या मानसशास्त्रज्ञांची २००३ ची १० विधानांची प्रश्नावली आहेच, पण ती एरवीची सवय सांगते, त्या क्षणी काय घडलं ते नाही. म्हणून मीमच्या आधी आणि नंतर मूडचे गुण घेतले. गाडी अडते ती इथेच: परीक्षेच्या धास्तीवरचं मीम असो वा लोळणाऱ्या मांजराचं, मूड दोन्हींनी सुधारतो. तुलनेसाठी मजकूर काढून नुसतं चित्र दाखवलं तर विनोदच मरतो.

सहभागी सगळे प्रौढ, मोबाइलवरून, जेमतेम १५ मिनिटं. नाडी-घाम मोजायची सोय नाही.

गमतीची पातळी सारखी, फक्त विषय ताणाशी जुळणारा किंवा न जुळणारा, अशा मीमच्या जोड्या पूर्वचाचणीत कोणते प्रश्न विचारून निवडाव्यात?