कामगारांवरचा खर्च आणि परतावा

काका, ईएसजी म्हणजे कंपनीला पर्यावरण, समाज आणि कारभार या तीन कसोट्यांवर जोखणं; त्यातला ‘एस’, म्हणजे सोशल (कामगार आणि समाजाशी वागणूक), हा निव्वळ दानधर्म, त्याने परतावा घटतो, हे तुमचं मत मला अजिबात पटत नाही.

आपल्या बडोद्याजवळची नंदेसरीची रासायनिक वसाहत डोळ्यांसमोर आणा. मुरलेला ऑपरेटर सोडून गेला की नवा तयार होईपर्यंत बॅच बिघडण्याचा आणि अपघाताचा धोका वाढतो. मोठा अपघात झाला तर प्लांट बंद, भरपाई, चौकशी, आणि तोवर ग्राहक दुसरीकडे वळलेला. नफा-तोट्याच्या पत्रकात हा धोका आधी कुठेच दिसत नाही, म्हणून बाजारही त्याची किंमत उशिरा लावतो. कामगार सांभाळणारी कंपनी बाजाराआधी ओळखणाऱ्याला परतावा मिळतो तो नेमका इथे.

वित्तशास्त्राचे प्राध्यापक अ‍ॅलेक्स एडमन्स यांचा २०११चा अभ्यास जरूर वाचा. अमेरिकेतल्या नोकरीसाठी सर्वोत्तम १०० कंपन्यांच्या यादीतल्या शेअर्सनी १९८४ ते २००९ या काळात, जोखमीच्या नेहमीच्या घटकांमुळे मिळणारा परतावा वजा करूनही, वर्षाला ३.५ टक्के जादा दिले. त्याच उद्योगातल्या कंपन्यांशी तुलना केली तरी २.१ टक्के. अर्थात ती अमेरिका. इथे तोच आकडा धरू नये.

आपल्याकडे सेबीने २०२२-२३पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा वार्षिक अहवाल, सक्तीचा केलाय. त्यात नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण आणि दर दहा लाख मनुष्यतासांमागचे अपघात मिळतात. पण सोडून जाण्याचा आकडा फक्त कायम कामगारांचा असतो. जिथे बहुतेक काम कंत्राटी माणसं करतात, तिथे तो पाहून निश्चिंत होऊ नका. वार्षिक सभेत थेट विचारा.