अधिशोषण, बसणे, मुरणे: चवीच्या गणितात कुठला शब्द?

रातांबा (रत्नागिरी): चवीवरच्या एका भौतिकीच्या लेखाचं मराठी करतोय. गोड किंवा कडू रेणू जिभेवरच्या ग्राही प्रथिनांना धरतात आणि त्याचं गणित पृष्ठभागावर वायू चिकटण्याच्या गणितासारखंच मांडता येतं, असा विषय. पाठ्यपुस्तकातला शब्द ‘अधिशोषण’. पण ज्यांना कच्चा मसुदा दाखवला ते ‘अधि’ गाळून नुसतं ‘शोषण’ वाचतात. जीभ साखर शोषून घेते, असा अर्थ होतो. दुसरं काही सुचतंय?

आगळवाली (देवगड): संज्ञा तीच ठेवा, कोशातला शब्द मोडून नवा घडवायची हौस मला नाही. क्रियापद मात्र घरचं घ्या. माशात मीठ मुरतं, लोणचं मुरतं, म्हणजे आतवर जातं. बंबाला क्षार बसतात, भांड्याला वास बसतो, ते वरच राहतं. शोषण म्हणजे मुरणं, अधिशोषण म्हणजे बसणं. ‘रेणू ग्राहीवर बसतो’ लिहिलंत की पुढे ‘उठतो’ही लिहिता येतं. पृष्ठभागाच्या किती जागा भरतात हे सांगणारं रसायनशास्त्रज्ञ लँगम्युर यांचं १९१८चं समीकरण तर बसणाऱ्यांचा आणि उठणाऱ्यांचा वेग सारखा होण्यावरच उभं आहे.

खाजणकाठ (वेंगुर्ला): ताईंचं पटलं. लेख सांख्यिकीय भौतिकीचा असेल तर आणखी एक गोष्ट हवी. भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांनी १९३५मध्ये तेच समीकरण वेगळ्या वाटेने काढलं: प्रत्येक जागा रिकामी किंवा भरलेली, दोन्ही शक्यतांना ऊर्जेप्रमाणे वजन, आणि सरासरी किती जागा भरतील हे द्रावणातल्या रेणूंच्या रासायनिक विभवावरून, म्हणजे द्रावण सोडून जाण्याच्या त्यांच्या ओढीवरून. चवीच्या अभ्यासात लॉइड बाइडलर यांनी १९५४मध्ये याच घाटाचं समीकरण मांडलं. उंदरांच्या जिभेवर मिठाचं पाणी सोडून मज्जातंतूचा प्रतिसाद मोजला. तो संहतीबरोबर, म्हणजे पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणाबरोबर, वाढतो आणि मग एका पातळीला टेकतो. ती संपृक्तता.

अलीकडच्या प्रारूपांत ‘एन’ नावाची एक राशी असते, दर जागी किती रेणू. ती पूर्णांक असावी लागत नाही. एकाहून कमी आली तर एकच रेणू दोन-तीन जागा अडवून बसलाय, एस.टी.च्या बाकावर आडव्या झालेल्या प्रवाशासारखा. जास्त आली तर एका जागेवर अनेक. मी वर्गात ‘आडवा बसलेला’ आणि ‘उभा बसलेला’ म्हणतो. दुसरं ऐकून पोरं हसतात, पण लक्षात राहतं.

शिरवाळो (मालवण): माका एक सुचता. गोड भरपूर खाल्ल्यार तोंडाक मिठी बसता. मगे संपृक्ततेक ‘मिठी’ म्हटला तर?

खाजणकाठ: शब्द झकास, जागा चुकली. मिठी खाता खाता बसते. शिरा तोच, पण दहाव्या घासाला कमी गोड लागतो, ते अनुकूलन. संपृक्तता काळाची नाही, संहतीची. जागा भरल्या की साखर दुप्पट केली तरी पहिल्याच घोटातसुद्धा गोडी वाढत नाही. ‘मिठी’ अनुकूलनासाठी राखून ठेवूया.

रातांबा: मग संपृक्तताच. उदाहरण सोलकढीचं घेतलंय.

आगळवाली: ते काढा हो! गोड, कडू आणि उमामी (मांस-अळंबीची असते तशी चव) यांना ग्राही प्रथिनं आहेत; कडूची माणसात साधारण २५ प्रकारची. आंबटाचं तसं नाही. हायड्रोजन आयन वाहिनीतून, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या बारीक वाटेतून, आत शिरतात, कुणी कुणावर बसत नाही. तुरटाची तऱ्हा आणखी निराळी. काजूचं बोंडू खाल्लं की टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना धरतात आणि जीभ ओढल्यासारखी होते. खापरोळ्यांचा रस घ्या, गूळ आहे त्यात.

रातांबा: पण सोडियमही वाहिनीतून जातो ना? मग बाइडलरचं मिठाचं समीकरण जुळलं कसं?

खाजणकाठ: वाहिनीलाही कमाल मर्यादा असते, म्हणून प्रतिसादाच्या आलेखाचा वक्र तसाच दिसतो. आकडे जुळले म्हणजे यंत्रणा तीच, असं होत नाही. हीच या प्रारूपांची दुखरी जागा. वक्र बसवून काढलेल्या ‘एन’वरून रेणू खरंच आडवा आहे म्हणणं मला तरी धाडसाचं वाटतं. गोड-कडूला ‘रेणू बसतो’ लिहा. मिठाला ‘अधिशोषणाचं समीकरण लागू पडतं’ एवढंच.

रातांबा: आणि ‘एन’ला?

आगळवाली: ‘दर जागी रेणू’. संज्ञा कशाला हवी?