मदत हवी आहे: हिप रिप्लेसमेंटनंतर स्कोअर कमी कसा येतोय?

थिसिस सबमिशन तोंडावर आलंय. पेशंट चालतायत, जिने चढतायत, काठी सुटली, आणि एक्सेलमध्ये बहुतेकांचा स्कोअर ऑपरेशननंतर घसरलेला. एका आजींचा आधी ४४, सहा महिन्यांनी १९, आणि त्या फॉलोअपला एसटीने एकट्या आल्या! प्लीज लवकर सांगा.

फिजिओताई: कुठला स्कोअर ते लिहिलंच नाही. तसंही फॉर्म भरून काय कळतं, टाइम्ड अप अँड गो घ्या, खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायचं, सेकंद मोजायचे.

हाडवैद्य: हॅरिस हिप स्कोअरच वापरा. १९६९ पासून चालतोय, १०० पैकी ४४ मार्क नुसत्या दुखण्याला.

फिजिओताई: हॅरिस सर्जन भरतो ना. ऑपरेशन करणाऱ्यानेच मार्क द्यायचे? त्याच्यासमोर पेशंट "बरंय डॉक्टर" असंच म्हणणार.



धागाकर्ता: ऑक्सफर्ड हिप स्कोअर हो, पेशंटनेच भरायचा १२ प्रश्नांचा फॉर्म.

जुना_रेसिडेंट: उत्तरं १ ते ५ आहेत की ० ते ४? १९९६ चा मूळ फॉर्म १ ते ५ चा, बेरीज १२ ते ६०, त्यात कमी तेवढं चांगलं. नंतर ० ते ४८ केला, तिथे जास्त तेवढं चांगलं. जुना असेल तर ६० मधून वजा करा, आजी १६ वरून ४१ वर गेल्या, झकास.

धागाकर्ता: दोन्ही निघाले!! आधीच्या बॅचने छापलेले १ ते ५ वाले. आणि मोजे घालता येतात का हा प्रश्न कितीतरी आज्यांनी कोरा सोडलाय, जन्मात मोजे घातले नाहीत म्हणे.

जुना_रेसिडेंट: दोनपर्यंत कोरे चालतात, बाकीच्यांची सरासरी टाका. त्याहून जास्त असतील तर फॉर्म बाद.

फिजिओताई: मांडी घालणं, उकिडवं बसणं यात कुठेच नाही, आपला पेशंट पहिलं तेच विचारतो. वेगळा कॉलम करा.

हाडवैद्य: उकिडवं बसायला सांगताच कशाला, सांधा निखळेल.

फिजिओताई: सांगत नाही, तरी गावी जाऊन बसतात. निदान नोंद तरी ठेवा!

जुना_रेसिडेंट: सरसकट वजा करू नका बरं का. बेरीज ४८ च्या वर तो नक्की जुना, १२ च्या खाली तो नक्की नवा. मधल्यांचे कागद काढून बघावेच लागतील.