हवालदार, सुभेदार, नाईक: सैन्यातले हुद्दे मराठीत कसे लिहावेत?

प्रश्न

भारतीय सैन्यावरचा एक लेख मराठीत लिहिते आहे. 'हवालदार' लिहिलं की वाचकाला पोलीस चौकी आठवते आणि 'सुभेदार' लिहिलं की थेट पेशवाई. हे शब्द तसेच ठेवावेत की दुसरे शोधावेत? आणि बाहीवरच्या, खांद्यावरच्या खुणांना मिळून काय म्हणायचं? 'पदचिन्ह' एका ठिकाणी वाचलं, पण मला तरी त्यात पाऊलखूण दिसते.

प्रतिसाद

शब्द अजिबात बदलू नका. ही सैन्याची अधिकृत नावं आहेत, आणि आपल्याकडे ती इंग्रजांच्या आधीपासून नांदतायत. शिवाजी महाराजांच्या पायदळात नाईक, त्याच्यावर हवालदार, पुढे जुमलेदार, हजारी आणि सर्वांत वर सरनोबत अशी चढण होती. गंमत म्हणजे त्याच काळात गडाचा मुख्य अधिकारीही हवालदारच. ज्याच्या हवाली काही आहे तो हवालदार. मग ती माणसांची तुकडी असो की अख्खा गड. एकाच नावाचं वजन जागेप्रमाणे बदलणं आपल्याला तेव्हाही नवं नव्हतं.

आजच्या भूदलात हवालदाराच्या बाहीवर तीन फिती, नाईकाच्या दोन, लान्स नाईकाची एक. शिपायाची बाही कोरी. लेखात पहिल्या उल्लेखाला 'सैन्यात हवालदार असलेले' एवढं लिहिलंत तरी पोलीस चौकी डोळ्यांसमोरून जाते.

सुभेदाराचं उदाहरण तर मला फार महत्त्वाचं वाटतं. मल्हारराव होळकर सुभेदार होते, म्हणजे माळव्याचा मुलूख त्यांच्या हाती होता. त्याच माळव्यात, इंदूरजवळच्या महूच्या छावणीत, पुढे रामजी सकपाळ सुभेदार होते. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली तिथलाच. शब्द तोच, पण इंग्रजी फौजेतल्या सुभेदाराची नोकरी कितीही जुनी असो, नुकताच रुजू झालेला गोरा लेफ्टनंट त्याच्यापेक्षा वरचा ठरायचा. रामजींच्या नावामागचा 'सुभेदार' वाचताना हे ठाऊक नसेल, तर त्या माणसाने काय कमावलं आणि त्याला कुठे अडवलं गेलं, दोन्ही कळत नाही. म्हणून शब्द ठेवा आणि काळ सांगा.

प्रतिसाद

यात एक भर. नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर हा जवान आणि अधिकारी यांच्या मधला थर आहे. जवान त्यांना 'साहेब' म्हणूनच हाक मारतात. रणगाडा दलांनी घोडदळाची नावं जपली आहेत, तिथे सुभेदाराच्या जागी रिसालदार, हवालदाराच्या जागी दफेदार आणि शिपायाच्या जागी सवार. नायब सुभेदाराला १९६५ पर्यंत जमादार म्हणत. त्याआधीचा कोणी 'जमादार' तुमच्या मजकुरात आला तर तो तसाच राहू द्या. आज बोलण्यात त्या शब्दाचं जे झालंय त्याला घाबरून बदलू नका.

छायाचित्राखाली ओळ लिहिताना मात्र जपा. सुभेदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात आणि लेफ्टनंटच्याही दोनच. सुभेदाराच्या ताऱ्यांसोबत लाल-पिवळी आडवी पट्टी असते, तिच्यावरून ओळखायचं. सुभेदार मेजर आणि मेजर या दोघांच्याही खांद्यावर सिंहमुद्रा, म्हणजे अशोकस्तंभाचे सिंह, असते, तिथेही खूण त्या पट्टीचीच. ही चूक छापून आली की वाईट वाटतं, कारण उभी हयात घालवून मिळवलेला हुद्दा एका ओळीत पुसला जातो.

प्रतिसाद

'नाईक' की 'नायक' हेही ठरवून टाका. हिंदी कागदपत्रांत 'नायक' असतं. मराठीत तसं लिहिलं की कथेचा नायक डोकावतो. मी 'नाईक' लिहितो. त्यात आडनावाचा घोळ होतो, हे खरं. १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडलेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे घ्या. नुसतं 'नाईक यशवंत घाडगे' वाचून कोणी नाव उलटसुलट झालं असं समजेल. अशा वेळी 'नाईक या हुद्द्यावरचे यशवंत घाडगे' असं सरळ लिहावं.

खुणांबद्दल: 'पदचिन्ह' नकोच. 'बोधचिन्ह' संस्थेचं असतं, 'मानचिन्ह' समारंभात देतात आणि 'पदक' छातीवर लागतं. 'हुद्द्याची चिन्हं' हे साधं आहे आणि कुठेही अडत नाही. २६ जानेवारी १९५० ला खांद्यावरचा ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले आणि ताराही पाच टोकांचा झाला. हे वाक्य 'हुद्द्याची चिन्हं बदलली' असं सहज लिहिता येतं.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. आणखी एक अडलंय. 'तीन तारे असलेले अधिकारी' असं मूळ मजकुरात आहे आणि पुढे तेच लेफ्टनंट जनरल निघतात. पण तीन तारे तर कॅप्टनला ना?

प्रतिसाद

तुमचं बरोबर आहे. कॅप्टनच्या खांद्यावर तीन तारे असतात. लेफ्टनंट जनरलच्या खांद्यावर एकमेकांना छेदणारी तलवार आणि छोटी काठी (बॅटन), वर सिंहमुद्रा. त्यांचे तीन तारे गाडीच्या पाटीवर दिसतात आणि 'थ्री-स्टार' हा बोलीप्रयोग त्या हिशेबातला. मराठीत तारे मोजत बसू नका, सरळ 'लेफ्टनंट जनरल' लिहा.

आणि लेखात नौदल येणार असेल तर दलाचं नाव प्रत्येक वेळी द्या. नौदलाचा कॅप्टन भूदलाच्या कर्नलच्या बरोबरीचा, आणि भूदलाच्या कॅप्टनच्या बरोबरीचा नौदलात लेफ्टनंट. 'कॅप्टन' एवढंच लिहिलं तर तीन पायऱ्यांचं अंतर गायब होतं. नौदलातल्या ॲडमिरल मंडळींच्या खांद्यावरची चिन्हं डिसेंबर २०२३ मध्ये बदलली. त्यातला अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. लेखात जुनी छायाचित्रं वापरणार असाल तर ती कोणत्या सालची, हे खाली लिहा.