नवीन राऊटर लावल्यापासून नेटचे हाल, चवथीआधी (गणपतीआधी) काहीतरी उपाय सांगा

कुळागर
मंडळी, फोंड्याजवळ गावात आमचं जुनं घर आहे, चिऱ्याचं, मधे राजांगण, म्हणजे उघडा चौक. नेट फायबरचं, २०० एमबीपीएसचा प्लॅन. आतापर्यंत कंपनीने दिलेल्या बॉक्सचंच वायफाय वापरायचो, ओसरीवर बरं चालायचं पण मागच्या खोल्यांत काय पोचत नव्हतं म्हणून वायफाय ६ वाला नवीन राऊटर घेतला, बॉक्समधून केबल काढून त्याला जोडली, ठेवला बॉक्सच्या बाजूलाच, आणि तिथून सगळं रामायण सुरू. लॅपटॉप केबलने लावला तरी स्पीड ९३-९४ च्या वर जात नाही, मागच्या खोलीत ५ जी (५ गिगाहर्ट्झ) वालं नाव दिसतं पण जोडलं की लगेच सुटतं, प्रिंटर नवीन वायफायला ओळखच देत नाही, कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) मी पणजीला ऑफिसमधून बघायचो तोपण बंद. वर संध्याकाळी नेट मधूनमधून पूर्णच जातं. कंपनीचा माणूस आला, बॉक्सजवळ उभा राहून फोनवर स्पीड दाखवला, म्हणे आमच्याकडून ओके, राऊटर तुमचा, तुम्ही बघा. दुकानदार म्हणतो लाईन खराब. चवथीला मुंबईची सगळी मंडळी येणार आणि त्यांना पाणी विचारायच्या आधी पासवर्ड द्यावा लागतो. राऊटर परत करू का?

पेडण्याची_पोर
बंद करून चालू केलंत का? :) बरं मस्करी राहू दे. नेट जातं तेव्हा बॉक्सवरचे दिवे बघा, सगळे विझून परत लागतात की एकच लाल होतो? आणि नवीन राऊटरच्या पेजवर इंटरनेटच्या खाली आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) काय दिसतो ते टाका.

कुळागर
आज मुद्दाम बॉक्ससमोर बसलो. बाकी दिवे तसेच, फक्त एलओएस लिहिलंय तो लाल लुकलुकतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. आयपी १९२.१६८.१.५.

वायरमन_म्हापसा
पात्रांव, राऊटर परत करू नको. एलओएस लाल म्हणजे फायबरमधून येणारा उजेडच बॉक्सपर्यंत पोचत नाहीये, त्याच्याशी नवीन राऊटरचा काडीचा संबंध नाही. सगळे दिवे विझून परत लागले असते तर मी म्हटलं असतं अडॅप्टर म्हातारा झाला. बॉक्सच्या पेजवर ऑप्टिकलमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या उजेडाची ताकद बघ, साधारण -८ ते -२७ डीबीएमच्या आत पाहिजे, -२० च्या आसपास असेल तर झकास, -२७ च्या काठावर असेल तर नेट असंच येणार जाणार. त्या आकड्याचा फोटो काढून तक्रारीला लाव, नुसतं नेट जातं म्हणून सांगितलंस तर परत फोन दाखवूनच जातील. पावसात हे आमच्याकडे ठरलेलं, माडाचं चुडत वायरवर पडतं नाहीतर खांबावरच्या डब्यात पाणी शिरतं. पण आधी घरात बघ, राऊटर लावताना बॉक्स सरकवला असशील तर ती बारीक वायर कपाटामागे दुमडली असेल, आतली काच वाकली की उजेड बाहेर गळतो.

९४ चं सोपं आहे. १०० च्या लिंकवर टेस्टला ९४-९५ एवढंच येतं, म्हणजे कुठेतरी लिंक १०० ला अडकलीय. बऱ्याच बॉक्सना एकच पोर्ट (केबल घालायची जागा) गिगाबिट, म्हणजे १००० चा असतो आणि बाकीचे १०० चे, तू चुकून बाकीच्यात घातली असशील. नसेल तर केबल बदल, १०० ला चारच तारा पुरतात पण गिगाबिटला आठही लागतात, एक जरी सैल असेल तरी गुपचूप १०० वर येतं आणि कुणाला कळत नाही.

कुळागर
केबल चार नंबरमध्ये होती!! एक नंबरमध्ये घातली, १८८ आले. आरएक्स -२८.४ दाखवतंय, फोटो पाठवला. आता कॅमेरा आणि मागची खोली.

राजांगणातलं_मांजर
कॅमेऱ्याचं कारण तुमच्या आयपीतच आहे. १९२.१६८ म्हणजे राऊटरला बाहेरचा नाही, बॉक्सचा पत्ता मिळालाय, एका घरात दोन राऊटर झालेत. बाहेरून कॅमेरा बघायचा रस्ता (पोर्ट) बॉक्समध्ये उघडलेला आणि डीव्हीआर आता दुसऱ्याच्या पोटात. कंपनीला सांगून बॉक्स ब्रिज मोडला टाका, म्हणजे तो नेट नुसतं पुढे देईल, पीपीपीओईचं (नेटच्या लॉगिनचं) युजरनेम पासवर्ड मागून घ्या, व्हीलॅन नंबरपण (कंपनीच्या लाईनचा टॅग) विचारा, एमटीयू (एका पॅकेटचा आकार) १४९२ ठेवा नाहीतर काही साईट अर्ध्याच उघडतात.

पेडण्याची_पोर
मी ब्रिज नको म्हणेन. बॉक्सला लँडलाईन लावलेली असेल तर ब्रिज केल्यावर कित्येकदा फोन मुका होतो, आणि काय बिघडलं की कंपनी बोट दाखवणार तुमच्या राऊटरकडेच. नवीन राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडला टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, मग पत्ते फक्त बॉक्स वाटणार, डीव्हीआर जुन्या पत्त्यावर परत आला की जुनी सेटिंग तशीच चालेल.

आणि दादा, तो राऊटर बॉक्सच्या बाजूला ठेवून काय उपयोग? ५ गिगाहर्ट्झ एक चिऱ्याची भिंत कशीबशी ओलांडतं, दुसरीला हात टेकतं, त्यात पावसाळ्यात चिरा पाणी पिऊन बसलेला. राऊटर राजांगणाच्या पलीकडे न्या, मधे केबल. वायफाय ७ वाला आणलात तरी भिंत तीच. प्रिंटर बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झवालाच असणार, २.४ ला वेगळं नाव द्या आणि सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ ठेवा, जुन्या प्रिंटरला डब्ल्यूपीए३ झेपत नाही.

राजांगणातलं_मांजर
लँडलाईन असेल तर मग ॲक्सेस पॉइंटच बरा, मान्य.

कुळागर
लँडलाईन आहे, आई सोडत नाही. प्रिंटर जोडला गेला, कॅमेरापण दिसतोय. केबल राजांगणावरून सरळ उघड्यावरून नेली तर चालेल? साधारण १५ मीटर होईल.

वायरमन_म्हापसा
लांबीचं टेन्शन नको, १०० मीटरपर्यंत चालतं. पण उघड्यावरून नको रे, चवथीनंतर गडगडाट सुरू होतो, एक वीज जवळ पडली की तांब्याच्या वायरीतून बॉक्स, राऊटर, डीव्हीआर तिन्ही जातात. कौलाखालून वाशांच्या कडेने फिरवून ने. आणि दुकानात कॅट ६ मागताना पूर्ण तांब्याची माग, सीसीए लिहिलेली स्वस्त मिळते ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असते, घेऊ नको. -२८ चं काय झालं? आले का कोण?

कुळागर
उद्या येतो म्हणालेत. खांबावरचा डबा उघडायला लावतो.